कर्ज काढून डागडुजी, की विकून मोकळे? मुंबईच्या चाळींचा न जुळलेला हिशेब

(१)
‘घर पाहावे बांधून’ असे मराठी माणूस म्हणतो. बांधण्याहून अवघड परीक्षा मात्र चाळीस-पन्नास वर्षांनी येते. कौले सरकतात, तुळईला वाळवी लागते, भिंती ओल धरतात. मग घरात एकच प्रश्न घोळू लागतो: कर्ज काढून दुरुस्ती करावी, की आहे त्या स्थितीत घर विकून मोकळे व्हावे? विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटावरच्या हजारो इमारतींपुढे हा प्रश्न एकाच वेळी उभा राहिला, आणि दोन्ही वाटा बंद निघाल्या. त्या कशा बंद झाल्या आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा धागा.

(२)
प्रारंभ चाळीच्या जन्मापासून करावा लागतो. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. पुढे गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांच्या आश्रयाला कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून माणसे येत राहिली. त्यांना हवी होती कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक खोली. ज्यांच्या हाती पैसा होता, त्यांनी जमीन घेऊन तीन-चार मजली चाळी उभ्या केल्या. मालकाच्या दृष्टीने चाळ हे राहण्याचे घर नव्हते. ती एक गुंतवणूक होती. शेतातून जसे पीक यावे, तसे खोल्यांतून दरमहा भाडे येत असे. १९३१ च्या जनगणनेच्या सुमारास मुंबईतील जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक एकखोली बिऱ्हाडांत राहत होते.

(३)
या इमारतींचे शरीर कसे होते, हे समजल्याशिवाय पुढचा हिशेब उलगडत नाही. पुष्कळशा जुन्या चाळींचा सांगाडा लाकडी असे. उभे खांब, आडव्या तुळया, त्यांच्यामध्ये विटांच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा आणि माथ्यावर मंगलोरी कौले. बाहेरच्या अंगाने सामाईक गॅलरी आणि तिच्या टोकाला सामाईक संडास. पाण्याची सततची ओल जिथे, तिथले लाकूड आधी कुजणार हे उघड होते. मोरीखालचे वासे आणि संडासाच्या बाजूच्या तुळया हेच इमारतीचे दुखरे भाग होते. त्यात मुंबईचा चार महिन्यांचा पाऊस आणि समुद्रावरचे खारे वारे.

(४)
अशा इमारतीला दरवर्षी थोडी थोडी निगा लागते. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारायची, फुटलेली बदलायची, पन्हळी साफ करायच्या, गिलाव्याची भेग वेळीच बुजवायची. हे झाले तर सागवान शंभर वर्षेही टिकते. हे टळले, तर फुटक्या कौलातून आलेले पाणी भिंतीतून तुळईच्या टोकापर्यंत पोहोचते. चार कौलांचा खर्च वाचवला, तर काही वर्षांनी अख्खी तुळई बदलावी लागते. डागडुजीचा खर्च टाळता येत नाही. तो फक्त पुढे ढकलता येतो, आणि ढकलताना वाढतो. चाळीच्या पुढच्या सर्व इतिहासाचे मूळ या साध्या नियमात आहे.

(५)
कर्ज काढून दुरुस्ती करणे केव्हा शहाणपणाचे ठरते? दुरुस्तीमुळे जे वाचते किंवा वाढते, त्यातून व्याज आणि मुद्दल फिटत असेल तेव्हा. आणि विकणे केव्हा शहाणपणाचे? घेणाऱ्याला ती वास्तू आपल्यापेक्षा अधिक उपयोगी पडणार असेल आणि त्या उपयोगाची किंमत तो मोजायला तयार असेल तेव्हा. पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबईचा चाळमालक याच दोन तराजूंत आपला निर्णय तोलत होता. चाळीवर कर्ज मिळे, कारण भाड्याचा ओघ हेच तारण होते. चाळ विकली जाई, कारण नव्या मालकाला तो ओघ वाढवता येत असे.

(६)
ही व्यवस्था भाडेकरूला मात्र निष्ठुर होती. पहिल्या महायुद्धात बांधकाम मंदावले, गिरण्या जोरात चालल्या आणि भाडी भडकली. हा अनुभव केवळ मुंबईचा नव्हता. १९१५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात भाडेकरूंनी, विशेषतः कामगार स्त्रियांनी, भाडे न भरण्याचा लढा दिला. त्यानंतर ब्रिटिश संसदेने कायदा करून भाडे गोठवले; आणि त्याच कायद्याने घरमालकांच्या तारणकर्जाचे व्याजही रोखले. देणे आणि येणे अशा दोन्ही बाजूंचा त्यात विचार होता. मुंबईत १९१८ मध्ये युद्धकालीन भाडेनियंत्रण आले आणि १ जानेवारी १९१६ चे भाडे हा आधार धरला गेला. युद्धाची निकड सरल्यावर काही वर्षांनी ते नियंत्रण उठले.

(७)
दुसऱ्या महायुद्धाने तीच परिस्थिती अधिक उग्र रूपात आणली. १९३९ पासून नियंत्रणाचे कायदे पुन्हा सुरू झाले. युद्ध संपले, पण निकड संपली नाही. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले आणि गिरण्यांकडे येणारा कामगारही थांबला नव्हता. १९४१ ते १९५१ या एका दशकात बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १८ लाखांवरून सुमारे ३० लाखांवर गेली. अशा वेळी भाडे बाजारावर सोडले असते, तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. म्हणून मुंबई प्रांताने १९४७ चा भाडेनियंत्रण अधिनियम केला. १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो अमलात आला.

(८)
या अधिनियमाचा गाभा ‘प्रमाण भाडे’ या कल्पनेत होता. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, तेच साधारणतः कायदेशीर भाडे ठरले. भाडे नियमित भरणाऱ्या भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येणार नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना भाडेकरूपणाचा हक्क मिळत होता. गिरणीकामगाराच्या विधवेला आणि तिच्या मुलांना या कायद्याने डोक्यावर छप्पर दिले, हे विसरून चालणार नाही. कायदा तात्पुरता म्हणून आला होता. मुदतवाढी मिळत मिळत तो अर्धे शतक टिकला, आणि १९४० चे भाडेही त्याच्याबरोबर टिकले.

(९)
इमारत सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मात्र कायद्याने मालकावरच ठेवली होती. मालकाने ती टाळली, तर नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशी तरतूद होती. पण एका वर्षात वळती करायची रक्कम वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक असता कामा नये, असे बंधन होते. एवढ्यात मोरीची फरशी बदलता येते. तुळई बदलता येत नाही. दुसरीकडे, दुरुस्तीच्या कारणाने भाडे वाढवण्याची मालकाची वाट अत्यंत अरुंद होती. भाडे गोठले, लाकूड, चुना, मजुरी आणि व्याज मात्र महागाईबरोबर चालत राहिले.

(१०)
एक काल्पनिक चाळ घेऊन हिशेब मांडला, तर पेच स्पष्ट होतो. समजा, ४० खोल्या आहेत आणि दर खोलीला महिना ८ रुपये भाडे आहे. महिन्याचे ३२० रुपये, वर्षाचे ३,८४०. पालिकेचा कर, झाडलोट आणि जिन्यातला दिवा यांत तिसरा हिस्सा गेला, तर मालकाच्या हाती २,५६० रुपये उरतात. आता तुळया आणि छप्पर यांच्या दुरुस्तीचा अंदाज ४०,००० रुपये निघाला. शेकडा ९ दराने कर्ज काढले, तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याज ३,६०० रुपये. मुद्दल दूरच; व्याजच उत्पन्नाला पुरून उरते.

(११)
याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. त्या दुरुस्तीसाठी दर खोलीमागे महिना १० रुपये जादा घेता आले असते, तर वर्षाला ४,८०० रुपये जमले असते. त्यातून व्याज भागून पहिल्याच वर्षी १,२०० रुपये मुद्दल फिटले असते. पगार आणि महागाई वाढत गेली, तसे हे १० रुपये पुष्कळ बिऱ्हाडांच्या आवाक्यात आले होते. म्हणजे इमारतीत राहणाऱ्यांची मिळून ऐपत दुरुस्तीला पुरेल एवढी होत चालली होती. नव्हती ती, ही ऐपत आणि हा खर्च एकमेकांशी जोडणारी कायदेशीर वाट.

(१२)
कर्ज देणाऱ्याच्या नजरेतूनही चित्र उत्साहवर्धक नव्हते. कर्ज बुडाले तर तारण विकून पैसे वसूल करता यावेत, ही सावकाराची आणि बँकेची पहिली अट असते. पण भाडेकरूंनी भरलेली चाळ लिलावात घेणाऱ्याला काय मिळणार? तेच गोठलेले भाडे, तेच भाडेकरू आणि त्याच कुजलेल्या तुळया. ज्या जमिनीवर चाळ उभी होती, तिचा भाव आकाशाला भिडत होता. पण ती मोकळी होणार नव्हती. कागदोपत्री मालक लक्षाधीश असेल, तरी त्या मालमत्तेवर दुरुस्तीपुरते कर्जही त्याला मिळवता येत नव्हते.

(१३)
मग विकून का टाकले नाही? विकायला कायद्याची मनाई नव्हती. पण चाळीची किंमत तिच्या भाड्यावरून ठरणार, आणि भाडे १९४० चे. खरेदीदार जे घेणार होता ते उत्पन्न नव्हते, दुरुस्तीचे ओझे होते. त्यामुळे पडेल भावाने विका किंवा धरून बसा, एवढेच उरले. बहुतेकांनी धरून ठेवले. कधीतरी कायदा बदलेल, कधीतरी जमीन मोकळी होईल, या आशेवर वर्षे गेली. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही अवस्था होती; फरक एवढाच, की उपाशी राहत होती ती इमारत.

(१४)
भाडेकरूपुढेही हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा होता. खोली त्याची नव्हती, म्हणून ती तारण ठेवून त्याला कर्ज काढता येत नव्हते. खोली त्याची नव्हती, म्हणून ती उघडपणे विकताही येत नव्हती. पण अत्यल्प भाड्यात आयुष्यभर राहण्याचा हक्क ही प्रत्यक्षात मोठीच मालमत्ता होती, आणि जिथे मालमत्ता असते तिथे बाजार तयार होतो. त्या बाजाराचे नाव पागडी. नवा भाडेकरू जुन्याला मोठी रक्कम देई, आणि भाडेपावती आपल्या नावावर व्हावी म्हणून त्यातला काही हिस्सा, पुष्कळदा तिसरा, मालकाला मिळे. १९४७ च्या कायद्याने मालकाने अशी रक्कम घेणे गुन्हा ठरवले होते. तरीही व्यवहार बिनपावतीने चालत राहिला.

(१५)
पागडीने मालकाला उत्पन्न दिले, पण त्या उत्पन्नाचा इमारतीच्या प्रकृतीशी संबंध नव्हता. भाडेकरू बदलला तर पैसा. छप्पर दुरुस्त केले तर नुसता खर्च. शिवाय हा व्यवहार अंधारातला असल्याने त्यावर कर्ज मिळण्याचा प्रश्नच नव्हता. चाळीतल्या भाडेकरूंचे आपापसातही एकमत कठीण होते. गळते ते वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात; तळमजल्याचा दुकानदार वर्गणी का देईल? खोली सोडून उपनगरात जाण्याच्या तयारीत असलेल्याने वीस वर्षे टिकणाऱ्या तुळईसाठी पैसा का घालावा? प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी बरोबर होते, आणि सर्वांची उत्तरे मिळून इमारत खचत होती.

(१६)
पुण्याच्या वाड्यांची कहाणी याच घराण्यातली, पण नात्यागोत्यांच्या गुंत्याने वेगळी आहे. वाड्याचे मालक पुष्कळदा स्वतः वाड्यातच राहत. पुढच्या-मागच्या सोप्यांत आणि माडीवर भाडेकरू असत. पिढ्यागणिक वाटण्या होऊन एका वाड्याला दहा-बारा हिस्सेदार होत. कर्ज काढायचे तर सर्वांच्या सह्या हव्यात. विकायचे तरी सर्वांच्याच. एक भाऊ नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी, एक कोर्टात, एक वाड्यातच भाड्यावर जगणारा. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे अनेक वाडे कोसळले. पुढे मालकी हक्काच्या सदनिकांचे युग आले आणि पेठांतले वाडे एकेक करून विकसकांच्या हाती गेले. तेथे विकण्याची वाट उशिरा का होईना, खुली झाली.

(१७)
मुंबईत मात्र इमारतींनीच निर्णय घ्यायला सुरुवात केली. १९६० च्या दशकात पावसाळ्यात चाळी कोसळण्याचे प्रकार वाढले. १९६८ मध्ये या प्रश्नाच्या अभ्यासासाठी बेडेकर समिती नेमली गेली. त्यानंतर १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि १९७१ मध्ये मंडळ अस्तित्वात आले. बेटावरच्या जुन्या इमारतींवर ‘उपकर’ बसवून त्या पैशातून मंडळाने दुरुस्ती करावी, अशी योजना होती. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. त्यांतल्या १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या होत्या. ‘ब’ वर्गात १,४८९ आणि ‘क’ वर्गात १,६५१ होत्या.

(१८)
हे पाऊल मूलतः धाडसाचे होते. मालक कर्ज काढू शकत नाही, भाडेकरूही काढू शकत नाही. तेव्हा सर्व इमारतींकडून थोडा थोडा पैसा गोळा करून, त्यात शासनाची भर घालून, ज्या इमारतीला आधी गरज तिची दुरुस्ती आधी करायची. एका अर्थाने शासनाने घरमालकाची चूल पेटती ठेवण्याचे काम स्वतःकडे घेतले. १९७७ च्या अखेरीस म्हाडा अस्तित्वात आल्यावर हे कामही तिच्याकडे आले. मंडळाने हजारो इमारतींना टेकू दिले, तुळया काढून लोखंडी गर्डर घातले, गिलावे केले. या दुरुस्त्यांनी असंख्य जीव वाचवले.

(१९)
पण योजनेच्या पोटातच मर्यादा होती. दर चौरस मीटरमागे दुरुस्तीच्या खर्चाला कमाल मर्यादा ठरलेली असे. खर्च तिच्यावर गेला, तर वरचा भार भाडेकरूंनी उचलावा. नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरे आणि रहिवाशांना संक्रमण शिबिरात जावे लागे. शिबिर नावाने तात्पुरते. पुष्कळ कुटुंबांची त्यात दशके गेली. त्यामुळे घर सोडण्याची नोटीस आली तरी माणसे हलेनात. खचलेली का असेना, गिरगावातली खोली आपली. शिबिरातून परत कधी येऊ, याची खात्री कोण देणार? बाहेरून अविवेकी दिसणाऱ्या या हट्टामागे अनुभवाने शिकवलेला हिशेब होता.

(२०)
घरासाठी कर्ज ही गोष्ट मध्यमवर्गाच्या आवाक्यात येण्याचा काळही नेमका हाच. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने एचडीएफसी स्थापन झाली आणि पगारदार माणसाला हप्त्यांवर घर घेता येऊ लागले. पण हे कर्ज मालकी हक्काच्या सदनिकेसाठी होते. चाळीतला तरुण डोंबिवलीच्या नव्या सदनिकेसाठी कर्ज काढू शकत होता. ज्या खोलीत तो जन्मला तिच्या छपरासाठी नाही. मालकी आणि वास्तव्य एकाच हाती असले की काय होते, याचे उदाहरण मुंबईत जुनेच होते. १९१५ मध्ये गावदेवीत तालमकी यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणारेच सभासद होते, आणि सभासदच खर्चाचे धनी.

(२१)
तोच धागा पकडून १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था स्थापण्याची तयारी दाखवली, तर शासनाने इमारत जमिनीसह संपादित करून संस्थेला द्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यावी. आपल्या काल्पनिक चाळीला हे माप लावले, तर ३२,००० रुपये होतात. म्हणजे सव्वाआठ वर्षांच्या भाड्याहून किंचित अधिक. दुरुस्तीच्या ४०,००० च्या अंदाजाहूनही ही रक्कम कमी. मालकासाठी ही सक्तीची विक्री होती, तीही गोठलेल्या भाड्याच्या भावाने. मालकांची संघटना न्यायालयात गेली आणि तो वाद तीन दशकांहून अधिक काळ रेंगाळला.

(२२)
१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिसरा मार्ग काढला. कलम ३३(७) नुसार ७० टक्के भाडेकरूंच्या संमतीने जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधता येत होती. भाडेकरूंना किमान २२५ चौरस फुटांची सदनिका विनामूल्य मिळे आणि विकसकाला वाढीव चटईक्षेत्र विकून खर्च व नफा काढता येई. म्हणजे कर्जही नको आणि जमीनही विकायला नको. विकायची ती इमारतीच्या माथ्यावरची मोकळी हवा. जिथे जमिनीला भाव होता, प्लॉट मोठा होता आणि एकमत झाले, तिथे टॉवर उभे राहिले. चिंचोळ्या गल्लीतली, दाट वस्तीची चाळ मात्र विकसकाला परवडेना. तिथे टेकूच राहिले.

(२३)
डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९४० च्या पातळीवर भाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य व समानतेच्या तत्त्वाशी विसंगत झाल्याचे म्हटले. पुढे महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला कायद्याची मान्यता दिली आणि दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. आठ रुपयांचे ४ टक्के म्हणजे ३२ पैसे. आपल्या ४० खोल्यांतून पहिल्या वर्षी महिन्याला १२ रुपये ८० पैसे अधिक मिळणार होते. पन्नास वर्षांची गोठण अशी थेंबाथेंबाने वितळणार होती. तुळया तेवढा धीर धरणार नव्हत्या.

(२४)
३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली. दोनच दिवसांपूर्वी मुंबईला अतिवृष्टीने झोडपले होते. ३३ माणसे मृत्युमुखी पडली. ही इमारत पुनर्विकासाच्या योजनेत होती; काही कुटुंबे बाहेर पडली होती, काही आत राहिली होती. दुरुस्ती, विक्री आणि पुनर्विकास यांच्यामधल्या फटीत माणसे कशी सापडतात, हे त्या सकाळी दिसले. २०२० मध्ये राज्याने म्हाडा कायद्यात बदल करून धोकादायक इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आणण्यासाठी आधी मालकाला सहा महिने, नंतर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने आणि त्यानंतर म्हाडाला संधी, असा क्रम ठरवला. वाट पाहत बसण्यालाच प्रथमच मुदत घातली गेली.

(२५)
१९८६ च्या प्रकरणातून निघालेला वाद अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय आला: प्रत्येक खासगी मालमत्ता ही केवळ खासगी असल्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ब) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. गळके छप्पर कोणी शाकारायचे, या घरगुती प्रश्नापासून निघालेली वाट संविधानाच्या अर्थापर्यंत येऊन पोहोचली होती.

(२६)
या इतिहासात एकच खलपुरुष शोधणे सोपे आहे, पण खरे नाही. मालक कंजूष होते म्हणून चाळी पडल्या, हे अर्धसत्य. भाडेकरू फुकटे होते म्हणून पडल्या, हेही अर्धसत्य. १९४७ च्या कायद्याने लाखो माणसांना मुंबईत टिकू दिले; त्याच कायद्याने त्यांच्या डोक्यावरचे छप्पर टिकवण्याची सोय केली नाही. खर्चाची जबाबदारी एकाकडे, दुरुस्तीचा लाभ दुसऱ्याकडे आणि जमिनीचा भाव तिसऱ्या कुणाची वाट पाहणारा, अशी फाटाफूट झाली. कर्ज काढायला लाभ आणि फेड एकाच हाती लागते. विकायला ताबा आणि किंमत एकाच कागदावर लागते. मुंबईच्या चाळीत यांतले काहीच एकत्र नव्हते.

(२७)
गिरगाव, लालबाग, डोंगरी किंवा भायखळ्याच्या गल्लीतून जाताना एखाद्या जुन्या चाळीच्या गॅलरीखाली लाकडी वाशांचे किंवा लोखंडी नळ्यांचे टेकू दिसतात. काही ठिकाणी ते इतकी वर्षे तिथे आहेत की त्यांनाही रंग दिलेला असतो आणि त्यांना कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या बांधलेल्या असतात. कर्ज काढावे की विकावे, या प्रश्नाला मुंबईने दिलेले उत्तर तेच आहे. तात्पुरता म्हणून लावलेला आधार, ज्याच्याखाली तीन पिढ्या राहून गेल्या.